बैठी उंची

३ जुलै
आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही, तरी अक्षर नीट ठेवतो आहे. सांगता येत नाही.
विषय पक्का झाला: विद्यापीठातल्या मुलींची शरीरप्रमाणं. म्हणजे धड किती, पाय किती आणि दोन्हींचं गुणोत्तर काय. गाईडसरांनी शेवटची मुदतवाढ दिली. मार्चअखेर प्रबंध, नाहीतर नाव कमी, आणि नावाबरोबर तात्पुरती लेक्चररशिपही. म्हटलं, सर, डिसेंबरातच देतो. सरांनी पुढची फाईल उघडली. भारावले असावेत.
संकल्प: रोज पाच पानं.

५ जुलै
मुलींची मापं पुरुषाने घ्यायची नाहीत, असा कमिटीचा नियम. रास्तच आहे. हिला विचारलं. माझ्या बायकोची नोकरी गेल्यापासून ती घरीच असते. तासन् तास खिडकीपाशी बसते. म्हटलं, तुझंही मन रमेल. म्हणाली, बरं. हल्ली हिचं सगळ्याला 'बरं'च असतं. आमच्यात वाद म्हणून नाही.
पानं: शून्य. नियोजन सुरू आहे.

९ जुलै
लॅबच्या मधोमध पडदा. पलीकडे ही, मुलगी, उंची मोजायचा दांडा आणि स्टूल. अलीकडे मी आणि लॅपटॉप. ही आकडा सांगते, मी भरतो.
बैठ्या उंचीचं गणित सोपं आहे. मुलगी स्टुलावर ताठ बसते. जमिनीपासून डोक्यापर्यंतचा आकडा ही वाचते. त्यातून स्टुलाचे पंचेचाळीस सेंटिमीटर मी वजा करतो. उरलं ते धड. पूर्ण उंचीतून धड वजा केलं की पाय. हे डोक्याचं काम मी स्वतःकडे ठेवलं आहे.

२४ जुलै
तृतीय वर्षाच्या मुली संपत आल्या. प्रमाणं अगदी जुन्या नोंदींतल्या, वीस वर्षांपूर्वीच्या मुलींसारखीच. या मुलींनी वीस वर्षांत काही म्हणून केलं नाही. यातून प्रबंध कसा निघणार?

१ ऑगस्ट
पडद्यापलीकडे हसणं. ही काहीतरी म्हणते, मुली खिदळतात. घरी जिचा आवाज फोडणीपुरताही ऐकू येत नाही, तिचा हा आवाज! जाता जाता समज दिली की ही लॅब आहे. म्हणाली, बरं.

६ ऑगस्ट
घरी येताना ही स्टुलाबद्दल काहीतरी सांगत होती. डुगडुगतं, एक मुलगी पडता पडता वाचली, शेजारच्या लॅबमधून दुसरं आणते वगैरे. मी मनात प्रस्तावनेचं पहिलं वाक्य जुळवत होतो. म्हटलं, असल्या बारीकसारीक गोष्टी तूच बघत जा. वाक्य मात्र निसटलं.

१२ ऑगस्ट
चमत्कार! प्रथम वर्षाच्या मुली सुरू झाल्या आणि पाय लांब! एखाद-दुसरीचे नव्हे, सगळ्यांचे. सरासरी पाच सेंटिमीटरनी. आणि धड तेवढंच आखूड. हिला सांगितलं. म्हणाली, मला तर सगळ्या सारख्याच दिसल्या. शास्त्रीय नजर उपजत लागते.

३० ऑगस्ट
सिद्धान्त तयार. दोन वर्षांत पिढी बदलली! नव्या मुली कमी बसतात, जास्त उभ्या राहतात. पायांना वाव मिळतो. सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, आकडे पुन्हा तपासा. तीनदा तपासले. प्रत्येक वेळी पंचेचाळीस बरोबर वजा झाले आहेत.

१८ सप्टेंबर
पलीकडे एक मुलगी रडत होती. घरचं काहीतरी असावं. ही हळू आवाजात बोलत बसली. मला आकडा मिळेना. शेवटी पडद्याअलीकडून सांगितलं की बैठी उंची घेताना रडू नये, मान खाली जाते. पलीकडे एकदम शांत झालं. त्या दिवशी आकडे भराभर आले.

७ नोव्हेंबर
मापं संपली तरी मुली हिला भेटायला घरी येतात. माझ्याकडे बघून गप्प होतात. दरारा.
दारावरची पाटी करायला टाकली. नावापुढे 'डॉ.'. पेंटर म्हणाला, पुढे-मागे बदल झाला तर वेगळे पैसे पडतील. म्हटलं, कसला बदल?

३१ डिसेंबर
डिसेंबरात देणार होतो. पण एवढा मोठा शोध घाईत उरकणं बरं नव्हे. पानं: अकरा. त्यातली चार आभाराची. हिचाही उल्लेख केला आहे, 'घरची मंडळी' मध्ये.

१९ मार्च
आज प्रेझेंटेशन. लिहावंसं वाटत नाही, पण शिस्त म्हणून लिहितो.
बाहेरचे परीक्षक म्हणाले, पद्धत दाखवा. पडदा नव्हता. लॅबमधून स्टूल आणलं. एक मुलगी बसली. मी प्रथमच दांडा हातात धरला. परीक्षकांनी सहज विचारलं, स्टूल किती उंच? मी म्हटलं, पंचेचाळीस. सर उठले, टेप लावली आणि म्हणाले, चाळीस.
सभागृहात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

२० मार्च
ऑगस्टपासूनच्या मापांना चाळीस धरून मांडलं. पाच सेंटिमीटर गेले. प्रथम वर्षाच्या मुली तृतीय वर्षासारख्याच, आणि त्या वीस वर्षांपूर्वीच्यांसारख्या.
हिला विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, चहा ठेवू का? मी म्हटलं, बरं.

३१ मार्च
सरांनी नाव कमी केलं. सही करताना म्हणाले, मापं मात्र उत्तम घेतली आहेत, अगदी एकसारखी. मी आभार मानले. बाहेर आल्यावर लक्षात आलं की मापं मी घेतली नव्हती. वाईट वाटायला हवं होतं. दात काढण्याआधी गाल बधिर होतो, तसं झालं आहे.
उद्यापासून नवा विषय शोधायचा. लवकर उठायचं.

४ एप्रिल
उशिरा उठलो. ही बॅग भरत होती. मुलींच्या हॉस्टेलला मेट्रन हवी होती. मुलींनीच हिचं नाव सुचवलं, अर्जही त्यांनीच आणून दिला. राहणं तिथेच. म्हटलं, मला सांगायचंस तरी. म्हणाली, सांगितलं होतं, दोनदा. आठवत नाही. तेव्हा मी काहीतरी मोठा विचार करत असणार.
बॅग घेऊन हॉस्टेलच्या फाटकापर्यंत गेलो. तिथे मुली वाट बघत होत्या. एकीने बॅग घेतली. ही त्यांच्याशी बोलत आत गेली, आणि हसली. पुरुषांना पुढे प्रवेश नाही. वॉचमन म्हणाला, भेटीची वेळ रविवारी चार ते सहा, ती पण मेट्रनबाई हो म्हणाल्या तर.