रीळ कोणाच्या नावावर

मी, धवल आत्माराम चुरी, वय अठरा (मागच्याच महिन्यात पूर्ण), राहणार फुलपाडा, विरार पूर्व, काम गोखिवऱ्याला बाटल्यांची झाकणं बनतात त्या गाळ्यात, आज स्वतःच्या हाताने माझं मृत्युपत्र लिहितोय. माझं डोकं ठिकाणावर आहे. आई म्हणते नाहीये. पण मी प्यायलेलो नाही, मला कोणी धमकी दिलेली नाही, आणि अक्षर हलतंय ते फक्त आनंदाने.

आधी कारण. उद्या रविवार. आमच्या गाळ्यात मशीनवर असतो त्या ॲल्रॉयदादाची अर्नाळ्याला घरची बोट आहे. त्या बोटीवरून मी आयुष्यात पहिल्यांदा खोल पाण्यात स्लो पिच मासेमारीला जाणार! आई म्हणाली, "आपण पानवेल लावणारी माणसं. समुद्रात आपलं कोण बसलंय?" बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "आईला विचार." मग आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "जायचंय ना? मृत्युपत्र लिहून दे. दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन. मग जा."

तिला वाटलं मी गप्प बसेन. मी नेहमी गप्पच बसतो. नववीत शाळा सोडली तीपण त्याचसाठी, उभं राहून धडा वाचायला लावायचे. पण लिहायला तोंड कुठे उघडावं लागतं? म्हणून घ्या.

कलम एक. स्थावर मालमत्ता: पलंगाखालची जागा. ती बहीण सुरुचीला. तिने आधीच अर्धी बळकावली आहे.

कलम दोन. माझे जिग ॲल्रॉयदादाला. जिग म्हणजे शिशाचा चपटा मासा, वर हुक. अंधारात चमकणारा एक आहे तो सुरुचीला, तिला तो कानात घालायचाय. हुक काढून द्यावा.

कलम तीन. रीळ. हे जरा लांब होणार.

स्लो पिचमध्ये घाई नसते, म्हणून तर मला आवडतं. जिग तळाला सोडायचा, हँडल पाव फेरा फिरवायचं, काठीने तो उचलायचा, आणि सोडून द्यायचा. जिग पिंपळाच्या पानासारखा गिरक्या घेत खाली जातो. मासा तेव्हा धरतो, तो पडताना. आणि मासा लागला की काठी खाली करायची. काठी फक्त नाचवायला. हेकरू असो नाहीतर तांबोशी, वर आणायचा तो रिळाने. म्हणून सगळा जीव रिळात.

आमच्या फिशिंग ग्रुपचा ॲडमिन जितेश म्हणाला होता, मोठं सोनेरी स्पिनिंग रीळ घे, आपल्या गढूळ पाण्यात स्लो पिच चालतच नाही. वर हसण्याचे इमोजी टाकले, एक अख्खी ओळ. ॲल्रॉयदादाने दुकानातून दोन रिळं आणून दिली आणि म्हणाला, "खोल पान्यात हात बोलतो, ग्रुप नाय बोलत. दोन्ही ओढून बघ, एक परत दे." एक ते सोनेरी. दुसरं काळं, काठीच्या वर बसणारं, अरुंद, हँडल लांबलचक. दोरी अरुंद रिळावर एकसारखी बसते, एका बाजूला ढीग होत नाही.

आता आमच्याकडे ओढायला काय? मी गच्चीवर गेलो, दोरी खाली सोडली, सुरुचीने खाली अर्धी भरलेली बादली अडकवली. सोनेरी रिळाने बादली दुसऱ्या मजल्यापर्यंत आली आणि माझं मनगट संपलं. उतरवताना बादली झुलली आणि पहिल्या मजल्यावरच्या यशोदाकाकूंचा वाळत घातलेला गाऊन उचलून घेऊन गेली. काकू खिडकीतून ओरडल्या, "काय रे धवल, माझ्या गाऊनला गळ लावतोस?"

आई चपला न घालता वर आली, मला मारायला. तोपर्यंत मी काळं रीळ लावून परत बादली सोडली होती. "सरक," ती म्हणाली, आणि स्वतःच हँडल धरलं. एक फेरा, दोन फेरे. मग हसायलाच लागली. "अरे, हा तर आमच्या वाडीतल्या विहिरीचा रहाट! दांडा लांब आहे ना, म्हणून हात भरत नाही. हेच घे." बादली सरळ कठड्यापर्यंत आली, पाणी सांडलं नाही. मग तिच्या लक्षात आलं आपण कशाला हो म्हणालो, आणि ती बादली तिथेच ठेवून खाली गेली.

म्हणून सदर काळं रीळ आईला. मी पडलो आणि रीळ वाचलं, तर ड्रॅगचं चाक (दोरीचा ब्रेक) घट्ट करून गोड्या पाण्याच्या बारीक धारेत धुवावं. जोरात फवारा नको, मीठ आत जातं. सुकवताना ड्रॅग सैल सोडावा.

कलम चार. जितेशला त्याचे सगळे इमोजी परत.

कलम पाच. यशोदाकाकूंना नवीन गाऊन.

इथपर्यंत लिहून ॲल्रॉयदादाला फोन केला, सह्या कोणाच्या घेऊ? तो म्हणाला, "ज्याला काय भेटनार, त्याची सही घ्यायची नाय. आजीच्या टायमाला वकिलाने हेच सांगितलेला." मेलो. मी ज्यांच्याशी बोलतो ते सगळेच वरच्या कलमांत आहेत. राहिले बाबा, ते म्हणणार आईला विचार. आणि वॉचमन, त्याच्याशी मी दोन वर्षं फक्त मान हलवतोय.

कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. आईने हात पुसले, पूर्ण वाचला. कलम तीन दोनदा वाचलं. मग पेन मागितलं.

"आई, तू सही केलीस तर रीळ तुला मिळणार नाही."

"नकोच आहे. तू जाणार, आणि मी इथे बारीक धारेत धुवत बसू? आपलं रीळ आपण आणायचं, आपणच धुवायचं." आणि खाली हाक मारली, "काकू, वर या जरा!"

काकू म्हणाल्या, "मेल्यावर कसला गाऊन देतोस? आत्ता दे." आईने कपाटातून पाकिटातला कोरा गाऊन काढून दिला. म्हणून,

दुरुस्ती: कलम तीन आणि पाच रद्द. रीळ कोणालाही जात नाही.

माझ्या समजुतीने, राजीखुशीने आणि नाचत लिहून दिलं.

सही: धवल आत्माराम चुरी

साक्षीदार:
१. यशोदा दिनकर सावे, पहिला मजला (गाऊन मिळाला, तक्रार नाही)
२. हेमांगी आत्माराम चुरी, आई (काही मिळालेलं नाही. मुलगा रिळासकट उद्या संध्याकाळी मिळायचा आहे)

फुलपाडा, विरार पूर्व
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५