डाव्या पेडलची उलटी रीत

ती. दादास,

नमस्कार. मी ठीक आहे. तुझा गुडघा कसा आहे ते तू स्वतः लिही. वहिनी ‘बरा आहे’ म्हणतात, पण त्या सगळ्यालाच बरं म्हणतात.

पत्रास कारण, माझी सायकल वाचली. गेल्या सोमवारी वाचनालयातून येताना डावं पेडल डुगडुगू लागलं. कोपऱ्यावरचा सायकलवाला दुकान बंद करून मुलीकडे राहायला गेलाय (गिऱ्हाइकांना विचारून जायची पद्धत राहिलेली नाही). चिरंजीव म्हणाले, आई, या वयात पुरे, रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकू. मी म्हटलं, रविवारी मी तिच्यावरून वाचनालयात जाऊन आले नाही तर खुशाल दे. बोलून बसले. पाना सापडायलाच दीड दिवस गेला (सूनबाई त्याने दार अडवतात). मग रोज जोर लावून उजवीकडे आवळायचे. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. स्क्रू उजवीकडे फिरवला की आवळतो, एवढ्यासाठी किती पोरांना बाकावर उभं केलं. पेडल मात्र रोज जास्तच सैल. शुक्रवारी ते हातातच आलं. सूनबाईंनी न विचारता चहा आणून दिला, तेव्हा परिस्थितीचं गांभीर्य कळलं.

शनिवारी पेडल पिशवीत घालून हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. टक्कल पडलंय, तरी मला पाहून उभा राहिला. सगळं ऐकून खाली बघत म्हणाला, “बाई, डावं पेडल उलटं आवळतं. डावीकडे.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून, बाई.”

मी त्याला खाली बस म्हटलं.

घरी येऊन आटे पुसले, ग्रीस लावलं, आधी हातानेच डावीकडे फिरवत बसवलं, मग पान्याने आवळलं. रविवारी वाचनालय, तिथून बाजार, आणि उगाचच घराभोवती दोन फेऱ्या. चिरंजीव गॅलरीतून पाहत होते. भंगारवाला आला तो जुनी इस्त्री घेऊन गेला. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

तुझी धाकटी बहीण

ता. क. तुझ्या पहिल्या मुलाखतीच्या दिवशी फाटकातच तुझं डावं पेडल निघालं, तू पडलास, मुलाखत चुकली, आणि निष्काळजी म्हणून बाबांनी दोन महिने तुझी सायकल कुलपात ठेवली. त्या सकाळी, तुला मदत म्हणून, तिचं सगळं मी आवळून ठेवलं होतं. उजवीकडे. (नंतर बाबांच्या बाजूने बोललेही होते.)

आणखी एक. माफ केलंस असं दोन ओळींत लिहून पाठव. फोन नको. तू हसत बसशील.