करणच्या बेसचा आवाज

।। श्री ।।
श्रीगोंदा, मळ्यातून
३ ऑगस्ट २०२५

चि. सृष्टी हिस आबांचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावाआधी सौ. लिहायला हात गेला आणि तिथंच अडला. रागावू नकोस. फोन लावला की आपण दोघंही गप्प होतो, म्हणून कागद घेतला.

इकडं पाऊस बरा आहे. ऊस छातीला लागला. गाय व्याली, कालवड झाली. तुझी सासू चांगुणा चालतीफिरती आहे. पण करण गेल्यापासून ती रडलेली नाही. संक्रांतीनंतर ऑर्केस्ट्राचा टेम्पो उलटल्याचा निरोप आला तेव्हा नाही, तेराव्यालाही नाही. ताटावर बसते, दोन घास खाऊन उठते. कुणी लेकाचं नाव काढलं की गोठ्यात जाते.

परवा त्याची बेस गिटार बाहेर काढली. त्या टेम्पोत तीही होती, आणि तिला ओरखडासुद्धा नाही. बघून राग येतो. कार्यक्रम करून सकाळी घरी आला की करण आधी गिटार स्पीकरच्या डब्याला जोडून, खाटेवर बसून जाड तार वाजवायचा. फळीवरची भांडी थरथरायची. ही गोठ्यातूनच ओळखायची की लेक आला, आणि चहा टाकायची. तो आवाज कानावर पडला तर तिचं रडं मोकळं होईल असं मला वाटतं. पण मी वाजवली की पत्र्यावर खडा पडल्यासारखं होतं. तो काय करायचा ते लिहून कळव. मला गाणं शिकायचं नाही. तेवढा एकच आवाज पाहिजे.

आईवडिलांना नमस्कार सांग. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझे आबा,
रंगनाथ

केडगाव
११ ऑगस्ट २०२५

ती. आबांना सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, घडी घातली, परत उघडलं. उत्तर लिहायला बसत होते आणि उठत होते. सौ.चं मनाला लावून घेऊ नका. मी इथल्या शाळेत मुलांना गाणं शिकवते. ऑर्केस्ट्रात गायचे तसा आवाज अजून लागत नाही, पेटीवर भागवते.

तुम्ही करणला चिडवायचात, दुकानदारानं दोन तारा कमी देऊन तुला फसवलं म्हणून. तो हसायचा, पण त्या चार तारांना मलाही हात लावू द्यायचा नाही.

आता ऐका. नव्या तारा आणू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. नव्या तारा झणझणतात. त्याच्या तारा घामानं जुन्या झालेल्या, म्हणून आवाज गोल यायचा. पिशवीच्या खिशात स्पंजचा काळपट तुकडा असेल, तो कचरा नाही. तारा खाली जिथं अडकवल्यात तिथं त्यांच्याखाली सरकवा. शेवटचं बटण टोनचं, ते जवळजवळ बंद करा. स्पीकरचा डबा भिंतीला लागून फरशीवर ठेवा. जाड तार मानेवरच्या तिसऱ्या धातूच्या पट्टीच्या अगदी अलीकडं दाबा, पट्टीवर नाही. उजव्या हाताचं नख लावू नका, बोटाचं मांस टेकवा आणि गिटारीच्या मानेजवळ हळू सोडा. करण म्हणायचा, जोर डब्याला करू द्यायचा, बोटानं नुसती हाक मारायची.

आमचे कार्यक्रम माझ्या मोबाईलमध्ये पुष्कळ आहेत, आबा. पण त्या एवढ्याशा स्पीकरमधून बेस ऐकूच येत नाही. ढोलकी येते, माझं गाणं येतं, टाळ्या येतात. करण येत नाही.

जमलं तर कळवा. नाही जमलं तरी कळवा. आईंना जपा.

आपली,
सृष्टी

।। श्री ।।
श्रीगोंदा
२९ ऑगस्ट २०२५

चि. सृष्टीस आशीर्वाद.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. चांगुणा डेअरीवर दूध घालायला गेली की बसायचो. बोटांना घट्टे, तारेचा अंदाज येईना. खुरप्याच्या मुठीसारखी आवळून धरत होतो. मग हात सैल सोडला, आणि काल तो आवाज आला. तोच. भांडी थरथरली. मला भान राहिलं नाही. परत वाजवला, परत वाजवला. ही डेअरीवरून येऊन गोठ्यात शेण काढायला लागली, तेही कळलं नाही.

ती धावत आली. हात शेणानं भरलेले. येता येता हाक मारत होती, कधी आलास रं, थांब, च्या टाकते. दारात आली आणि मला बघितलं. तुमी व्हय, एवढंच म्हणाली.

मग उंबऱ्यातच बसली आणि रडली. ते रडणं कसं होतं ते मला लिहिता येत नाही, पोरी. शेजारची बायडाबाई पळत आली, तिला वाटलं घरात आणखी कुणी गेलं. रडल्यावर ही हलकी होईल असं मी धरून चाललो होतो. झाली का, ते समजत नाही. संध्याकाळी मात्र पोटभर जेवली. भाकरी मोडता मोडता म्हणाली, गोठ्यापासनं दारापातुर माझा लेक घरात हुता.

गिटार पिशवीत घातली आहे. आता हात लावणार नाही. मी बरं केलं की वाईट, तूच सांग. खुशाली कळवत जा, आम्हाला तुझ्याशिवाय कोण आहे?

तुझे आबा

केडगाव
४ सप्टेंबर २०२५

ती. आबांना आणि ती. आईंना सा. न. वि. वि.

बरं की वाईट, मला सांगता येणार नाही. पत्र वाचून आधी आईंसाठी रडले. मग मला आईंचा हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची लाज वाटली. गोठ्यापासून दारापर्यंत का होईना, त्यांना तो मिळाला. मला तो गेल्यापासून एकदाही मिळालेला नाही. स्वप्नातसुद्धा नाही.

रविवारी येते आहे, दोन दिवस राहीन. मागच्या अंगणात धुणं धूत असेन, नाहीतर विहिरीकडं गेलेली असेन. तेव्हा गिटार पिशवीतून काढा. स्पंज, बटण, डबा, काही हलवू नका.

आईंना मात्र आधी विचारा. त्या नको म्हणाल्या तर राहू द्या. हो म्हणाल्या, तर वाजवायच्या आधी त्यांना सांगा, त्यांची पुन्हा फसगत नको.

मला सांगू नका.

तुमचीच,
सृष्टी