पुरे म्हणणारं माणूस

३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी पेन हातात घेतलं. आमची भिंगरी तिच्या गाडीच्या इंजिनाचं हेड तुझ्याकडे टाकून आली त्याला महिना होत आला. शर्यत महिनाअखेरीस आहे आणि गाडी इथे बॉनेट उघडं टाकून उभी आहे, जांभई दिल्यासारखी. लेक दिवसातून दहा वेळा विचारते, मामाचं झालं का. मी सांगते, तुझ्या मामाचं जेवणसुद्धा कधी वेळेवर झालेलं नाही.

सरळ पट्ट्यावर दोन गाड्या सोडायच्या, मला चष्मा सापडेपर्यंत शर्यत संपते, आणि त्यासाठी तू आठवडेच्या आठवडे धातू घासत बसतोस! इंजिनाला जास्त हवा मिळावी म्हणून हेडमधल्या वाटा, म्हणजे ते पोर्ट, मोठे करतोस एवढं तिने मला समजावलं आहे. स्वतः मात्र दारं-खिडक्या लावून बसला असशील. भावजय जाऊन वर्ष होईल. इकडे राहायला ये म्हटलं की तुझं काम आड येतं. आता ते कधी संपतंय एवढं तरी कळव.

तुझी काळजी करायची सवय लागलेली,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

फोन उचलायला तोंड नव्हतं. हेडला भोक पडलं आहे.

पोर्टच्या भिंतीमागून इंजिन गार ठेवणारं पाणी खेळतं. भिंत किती खरवडायची याला मर्यादा असते. काढलेला धातू परत घालता येत नाही, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलो. हवा मोजायच्या यंत्रावर मला हवा होता तेवढा आकडा आधीच आला होता. काम तिथेच संपलं होतं. तरी मी रोज थोडं थोडं घासत राहिलो. ताई, खरं सांगतो, ग्राइंडर बंद केला की घरात जावं लागतं, आणि घर खायला उठतं.

ही होती तेव्हा असं कधी झालं नाही. कामाची शेड स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून. माझे कान आवाज अडवणाऱ्या कपांनी झाकलेले. भिंत पातळ होत आली की घासण्याचा आवाज बदलतो, तो तिला आधी कळायचा. हातातलं काम टाकून यायची, माझ्या खांद्यावर हात ठेवायची आणि पुरे म्हणायची. मी वैतागायचो. आता कुणी येत नाही.

वेल्डिंग करून भोक बुजेल, पण तो पोर्ट पुन्हा कोरावा लागेल. माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही. भिंगरीला म्हणावं, हेड दुसऱ्या कुणाकडे दे. तिची शर्यत हुकली तर मला तोंड दाखवता येणार नाही.

रागाव, पण पत्र पाठव.
धाकटा

१३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

भिंगरी आधी रडली, मग चिडली. हेड मामाच करेल, नाहीतर शर्यत गेली उडत, असं म्हणाली. ती तुझ्यावरच गेली आहे, त्याला मी काय करणार?

वेल्डिंग करून घे. मी शनिवारी येते. मला धातूतलं ओ की ठो कळत नाही, पण पुरे म्हणायला कुठे शिकावं लागतं? बसायला पाठ असलेली खुर्ची ठेव, तुझं ते तीन पायांचं स्टूल नको. आणि घर झाडून ठेव रे बाबा.

येतेच आहे, तोवर जप.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

भिंगरीचा फोन आला. पहिली फेरी जिंकली, दुसरीत थोडक्यात हरली. पाण्याचा थेंब गळला नाही. हरूनही पोरगी केवढी खुशीत होती!

तू दर पाच मिनिटांनी पुरे म्हणायचीस. तुझं ऐकलं असतं तर पोर्टमधून मुंगीसुद्धा गेली नसती. तरी मागे कुणीतरी बसलं आहे म्हटल्यावर हात ताळ्यावर आला.

तू गेल्यावर दुसऱ्या एकाचं हेड आलं. खुर्ची आहे तिथेच ठेवली आहे. काल संध्याकाळी यंत्रावर हवा तो आकडा आला आणि हात पुन्हा ग्राइंडरकडे गेला. थोडा वेळ खुर्चीकडे बघत उभा राहिलो. मग बटण बंद केलं, कानांवरचे कप काढले आणि मोठ्याने पुरे म्हटलं. दिवसभरात तोंडातून निघालेला तो पहिलाच शब्द. माझाच आवाज ऐकून दचकलो.

आत जाऊन दिवा लावला आणि जेवलो.

लोभ आहेच, पत्रं तेवढी वाढव.
धाकटा