यादीतल्या शेवटच्या अकरा ओळी

पांढुर्णा
१४ सप्टेंबर

प्रिय शीतल,

बाहेरच्या खोलीतल्या दोन खुर्च्या पुरत नाहीत, म्हणून काल एक लांब बाकडं आणलं. सौरभनं ते लावून दिलं आणि म्हणाला, आता खरंच दवाखाना वाटून राहिला. सौरभ म्हणजे माझा नवरा, सौंसरला शाळेत गणित शिकवतो. तू त्याला पाहिलेलं नाहीस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जत्रेसाठी रस्ते बंद म्हणून मी केंद्र बंद ठेवलं, तर तिसऱ्या दिवशी सकाळी दाराशी सहा जण उभे होते. सहा, शीतल! जानेवारीत याच खोलीत मी एकटीच बसून खेळणी पुसत असायचे. हे सगळं तुझ्यामुळं झालं, हे तुला माहीत आहे. पण कसं कसं होत गेलं ते तुला सगळं माहीत नाही, म्हणून सुरुवातीपासून लिहिते.

पांढुर्णा जिल्हा झाल्यावर इथं एकेक नवीन सुरू होऊ लागलं. मला वाटलं, बोलण्याच्या उपचारासाठी लोकांनी लेकरं घेऊन नागपूरला काऊन जावं? म्हणून दवाखान्यातली नऊ वर्षांची नोकरी सोडली आणि दसऱ्याला हे केंद्र उघडलं. कोणी आलं नाही. सौरभ म्हणाला, गूगलवर जाहिरात दे. पद्धत सोपी वाटली: लोक काय शोधतात ते शब्द आपण निवडायचे, कोणी तो शब्द टाकला की वर आपली जाहिरात दिसते, आणि कोणी तिच्यावर बोट लावलं की आपले पैसे कटतात. मी मोठ्या ऐटीत शब्द निवडले, स्पीच थेरपी, स्पीच पॅथॉलॉजी, फ्लुएन्सी डिसऑर्डर (म्हणजे बोलताना अडखळणं). पहिल्याच आठवड्यात फोन वाजू लागला आणि मी हरखले. पहिला एका पोराचा, "मॅडम, छब्बीस जनवरी की स्पीच लिखके देते क्या?" दुसऱ्या फोनवर एक बाई, मुलीला हा कोर्स करायचा आहे, बारावीत किती टक्के लागतात? तिसऱ्याला मंडपासाठी माईक पाहिजे होता.

आपल्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी हे रडगाणं लिहिलं. सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले. तू ग्रुपवर काहीच लिहिलं नाहीस. दुपारी तुझा वेगळा मेसेज आला: "मी नागपूरला हेच जाहिरातींचं काम करते. लोकांनी काय टाइप केल्यावर तुझी जाहिरात दिसली, त्याची यादी निघते. ती पाठव. शीतल, सातवी ब." खरं सांगते, नाव वाचलं आणि मी फोन पालथा ठेवला. दहा मिनिटं उगाच आरसा पुसत राहिले. एकवीस वर्षांत आपण एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो. मग यादी पाठवली, कारण गरज माझी होती.

त्यानंतरचे तीन आठवडे तू मला जे शिकवलंस ते मी अजून वहीत जपून ठेवलं आहे. भाषण, निबंध, कोर्स, नोकरी, माईक हे शब्द तू आधी बंद करायला लावलेस. ज्याला आपण नको आहोत त्याला आपण दिसायचंच नाही, असं तू लिहिलं होतंस. मग तू जाहिरातीला हद्द आखून दिलीस, पांढुर्णा, सावरगाव, सौंसर, रामाकोना, मुलताई, वरुड, बस. आणि मग तो मेसेज, जो वाचून मला आधी थोडा रागच आला: "अपर्णा, हे सगळे तुझ्या डिग्रीचे शब्द आहेत. आईच्या तोंडचे शब्द कुठं आहेत? जा, ऐकून ये."

मी गेले. सावरगावला अंगणवाडीत पुष्पाताई आहेत, वीस वर्षांपासून लेकरं सांभाळतात. त्या हसल्या. म्हणाल्या, "मॅडम, इकडं स्पीच कोन म्हन्ते? लेकरू बोबडं हाय म्हन्तेत, जीभ जड हाय म्हन्तेत. सासू म्हन्ते, याचा बापबी उशिराच बोलला होता. अन् मंग दोन वर्सं तशीच निंगून जातेत." मी त्यांच्याजवळ बसून दोन पानं भरली. तीन वर्षाचा झाला तरी बोलत नाही. बच्चा इशारे से मांगता है. तोतरा, हकलाना, तुतलाना. तू ती पानं मागून घेतलीस आणि एकेक शब्द मराठीत, हिंदीत, इंग्रजी अक्षरांत, चुकीच्या स्पेलिंगसकट लिहून दिलास. मी म्हटलं, चुका तरी दुरुस्त करू. तू लिहिलंस, राहू दे, घाबरलेली आई शुद्धलेखन पाहत नाही. या मधल्या काळात मी तुला दोनदा फोन केला. तू उचलला नाहीस, लगेच मेसेज आला, "लिही ना." कामात असशील, असं मी स्वतःला सांगितलं.

मग फेब्रुवारीत तुझी शेवटची यादी आली. वरच्या तीसेक ओळी आपण ठरवल्या होत्या त्याच होत्या. खालच्या अकरा नवीन होत्या. नाव सांगताना अडकते. हजेरीत आवाज निघत नाही. फोनवर हॅलो म्हणता येत नाही. मुलाखतीत स्वतःचं नाव बोलता येत नाही. दुकानात जे पाहिजे ते मागता येत नाही. मी पाच वर्षं हाच विषय शिकले आणि नऊ वर्षं हेच काम केलं, पण अशा ओळी माझ्या कुठल्या पुस्तकात नव्हत्या. पुष्पाताईंकडूनही त्या आल्या नव्हत्या. मी तुला विचारलं, एवढं लांबलचक कोण टाइप करेल? तुझं उत्तर दोन ओळींचं होतं: "फार थोडे करतात. पण जो करतो तो येतो."

आली, शीतल. मार्चमध्ये सुप्रिया आली. रामाकोन्याची, एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. घरी न सांगता एकटीच बसनं आली होती. पहिली दहा मिनिटं तिनं फक्त मान हलवली. मग तिनं मोबाइल पुढं केला. त्यावर तिनं टाइप केलेलं होतं, नाव सांगताना अडकते, आणि त्याखाली जाहिरातीच्या पहिल्या ओळीत तेच शब्द. अडकत अडकत तिनं विचारलं, "मॅडम, हे कोणं लिहिलं? मले वाटे का असं फक्त मलेच होते." मी म्हटलं, माझ्या एका मैत्रिणीनं. मैत्रीण हा शब्द तोंडातून निघाला आणि मलाच चोरी केल्यासारखं वाटलं.

सुप्रियाची एक गोष्ट सांगते. 'रा' वर तिची गाडी अडते. त्यामुळं ती कंडक्टरला नेहमी सौंसर सांगायची, सौंसरला उतरायची आणि तिथून ऑटोत बसून घरी जायची, कारण ती ऑटो ठरलेल्या रस्त्यानं तिच्या गावालाच जाते, काही बोलावं लागत नाही. बस तिच्या गावावरूनच पुढं छिंदवाड्याला जाते, तरी. पाच-सहा महिने आम्ही दोघी काम करून राहिलो. मी तिला सफाईदार बोलायला लावत नाही. अडकलं तरी थांबायचं नाही, शब्द बदलायचा नाही, एवढंच. मागच्या मंगळवारी तिनं कंडक्टरला रामाकोना सांगितलं. फार वेळ लागला म्हणे. मागचा माणूस चुकचुकला, कंडक्टर थांबला, आणि तिनं पूर्ण सांगितलं. ते तिकीट तिनं मला आणून दाखवलं, माझ्यासमोर ठेवून रडली आणि मग परत पर्समध्ये घालून घेऊन गेली.

ती गेल्यावर मी तुझी यादी काढून पुन्हा वाचली. त्या अकरा ओळी कोणाच्या आहेत हे मला केव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं बहुतेक, मी कळू दिलं नव्हतं. किती वर्षं तू गूगलच्या त्या चौकटीत हेच टाइप करत होतीस, शीतल? आणि समोर काय येत होतं? माझ्यासारखीनं लिहिलेलं फ्लुएन्सी डिसऑर्डर?

हे काम मी तुझ्यामुळं निवडलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण खरं असं आहे की डेंटलला मार्क कमी पडले म्हणून मी इकडं आले. वर्गात अडखळण्याचा धडा आला तेव्हा मी तो नीट उतरवून घेतला, तू आठवलीस आणि मी पान उलटलं. सातवी ब मध्ये नवे सर आले होते. प्रत्येकीनं उभं राहून नाव सांगायचं होतं. तू उभी राहिलीस आणि 'श' वर तुझा श्वास अडकला. मी पुढच्या बाकावर होते. मी मागं वळून म्हटलं, "श-श-श-शीतल, सर." वर्ग हसला, सरही हसले, आणि तेव्हा मला किती छान वाटलं होतं तेही मला आठवते. मग सगळे तुला तसंच हाक मारायला लागले. तू हजेरीला बोलणं बंद केलंस, मग एकूणच बोलणं बंद केलंस. दिवाळीनंतर तुझ्या बाबांनी, दादाराव काकांनी, तुझं नाव शाळेतून काढलं आणि तुला मामाकडं सौंसरला ठेवलं. घरची अडचण आहे, असं ते मोठ्या बाईंना सांगत होते. मी दारातच उभी होते. अडचण मी होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि मी हे घरी कोणाला कधी सांगितलं नाही.

आभार मानायला एक मेसेज पुरला असता, आणि ते मी रोज मानते. नवीन लेकरू दारातून आत आलं की मनात तुझंच नाव येते. पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणानं. मला तुझी माफी मागायची आहे, शीतल. त्या दिवसाची, त्यानंतरच्या महिन्यांची, आणि या जानेवारीपासून सगळं आठवत असूनही मी कामापुरतं गोड बोलत राहिले त्याचीही. तू ओळखूनच मला मेसेज केला होतास, सातवी ब असं लिहून. तरी तू मदत केलीस. सुप्रियाला मी तुझं नाव सांगितलेलं नाही. तुला वाटलं तरच सांगेन. फोनवर किंवा समोर येऊन मी हे म्हटलं असतं तर तुला तिथल्या तिथं काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि माझ्यामुळं तुझ्यावर ती वेळ पुन्हा आणायची नव्हती. म्हणून कागदावर लिहिलं. याला उत्तर देण्याची घाई नाही. दिलंच पाहिजे असंही नाही.

तुझ्याच वर्गातली,
अपर्णा