चिकूखालची झोळी

मंगळवार, १४ मार्च २०१७
घोलवड

आमच्या बागेत कामाला येणाऱ्या सविताच्या मुलीला आज डहाणूला डॉक्टरकडे नेलं. पाच वर्षांची झाली, तरी धड बोलत नाही, मध्येच स्वतःलाच चावते. डॉक्टरांनी विचारलं, "तान्ही असताना फवारणीच्या जवळपास असायची का?"

सविता माझ्याकडे बघून म्हणाली, "नाय, घरीच असायची."

घरी? झोळी आमच्याच चिकूला टांगलेली असायची. ऊन लागेल म्हणून मीच तिथे बांधायला लावली होती. पानांवरून औषधाचे थेंब पडून झोळी ओली व्हायची, आणि मी म्हणायचे, पोर किती शांत झोपते! त्यानंच झालं का, कोण जाणे. पण खरं सांगायला मलाही तोंड होतं.

परतताना सविता हळूच म्हणाली, "काकी, उद्या कामावर येऊ ना?"