प्लास्टरला पुट्टी

३ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या घोट्याची कीर्ती तुझ्यापर्यंत पोचलीच असेल. जन्म गेला लोकांच्या इमारती रंगवण्यात, पण परांचीवरून कधी पडलो नाही. पडलो तो स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्टुलावरून!

ऑपरेशन झालं, स्क्रू बसले, पाय टेकायचा नाही असं फर्मान निघालं. मग प्लास्टरला तडा गेला. कसा, ते प्लास्टरलाच ठाऊक. मी पडलो रंगारी. पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, वर पांढऱ्याचा एक हात दिला. गिऱ्हाइकाच्या भिंतीला इतकं सुरेख काम कधी केलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी नखाने खरवडलं आणि झालं, हात दाखवून अवलक्षण! एक्स-रे काढला, तर आत स्क्रू वाकलेला. आता पुन्हा कापाकापी.

वर विचारतात, मन कसं आहे, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का. मी म्हटलं, तुमच्या भिंतींचा रंग पाहिला की वाटतं. बाई हसल्या नाहीत. घोट्याच्या डॉक्टरला मनाशी काय घेणं, सांग बरं!

भाऊजींना नमस्कार. लंगड्यावरही लोभ राहू दे.

तुझा भाऊ

९ ऑगस्ट

चि. नकल्यास अनेक आशीर्वाद.

पत्र ऐकून तुझे भाऊजी खो खो हसले. मीही हसले, आणि मग गॅसवरची भाजी करपेपर्यंत नुसती बसून राहिले.

लहानपणी तुला लागलं की तू सगळ्यांच्या नकला करायचास. बाबा गेले तेव्हा आठवडाभर घर हसवलंस आणि मग तापाने फणफणलास. प्लास्टर काय आपोआप तडकतं? माझ्यापुढे शहाणपणा नको. रिकामा बसलास की तू स्वतःवरच डाफरतोस, हे मी ओळखून आहे. मला भीती वाटते आहे रे.

बाईंनी विचारलं तेच मी विचारते. विनोद न करता उत्तर दे. मला नाही तर त्यांना. तोवर माझा जीव टांगणीला आहे.

तुझी ताई

१४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न.

हो, वाटतं.

पाय मी मुद्दाम टेकत होतो. बसून खाणारा ऐतखाऊ म्हणून स्वतःचाच राग यायचा, तो त्या पायावर काढायचो. पुढचे विचार त्याहून वाईट होते. काल डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, आता हाकलून देतील. त्या खुर्ची ओढून जवळ बसल्या, म्हणाल्या, स्क्रू थांबेल, आधी तुम्ही. मनाच्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन गेल्या. औषध सुरू झालंय, बोलायला दर आठवड्याला जायचंय. एकटं राहायचं नाही म्हणून समोरचा शिंपी झोपायला येतो. घोरतो असा, की माझ्या वाईट विचारांनाही मध्ये बोलायला जागा मिळत नाही.

स्वयंपाकघराचं छत अर्धंच रंगलंय. वर बघितलं की लाज वाटते. तू हस हवं तर.

दर पत्राखाली लोभ मागतो. या खेपेला तू ये.

तुझा नकल्या